व्यासंगाची दिशा : बडोद्याशी निगडित तीन चरित्रांच्या निमित्ताने



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेत व्याख्याता म्हणून उभे राहण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला इतिहास शिकवीत. पण पानिपतचा धडा सुरू झाला की ते आधी फळ्यावर यमुनेचे पात्र काढीत, मग धान्याचे भाव सांगत, मग उपाशी घोडा किती मजल मारू शकतो याचा हिशेब आमच्याकडून करवून घेत. तो तास इतिहासाचा होता, भूगोलाचा होता की गणिताचा, हे आम्हांला कधी कळले नाही. आजचा विषय निवडताना माझ्या मनात त्यांचे ते तास होते.

विषय साधा आहे आणि प्रत्येक घरातला आहे. माणसाने आयुष्यात एकच विद्या घेऊन तिच्या तळाशी जावे, की अनेक विद्यांचा परिचय करून घेत आपली वाट काढावी? दहावीचा निकाल लागला की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापुढे हा प्रश्न शाखानिवडीच्या रूपाने उभा राहतो. नोकरीत दहा वर्षे झालेल्या माणसापुढे तो पुन्हा येतो, आणि तेव्हा तो अधिक बोचतो.

आपल्या भाषेने या वादात दोन्ही पक्षांची वकिली केली आहे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणून तिने अनेक गोष्टींत हात घालणाऱ्याला हिणवले. आणि एकाच विहिरीत राहणाऱ्याला ‘कूपमंडूक’ म्हणून तीच हसली. ‘हरहुन्नरी’ हा शब्द ती कौतुकाने वापरते, ‘तज्ज्ञ’ हा आदराने. म्हणी न्यायनिवाडा करीत नाहीत. तो चरित्रांतून शोधावा लागतो. म्हणून आपल्या बडोद्याशी निगडित अशी तीन चरित्रे मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

पार्श्वभूमी

हा प्रश्न फार जुना नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ सुरू केले. ते गणित व ज्योतिष शिकवीत, पाठ्यपुस्तके लिहीत, आणि ज्ञानेश्वरीची मुद्रित आवृत्ती त्यांनीच १८४५ साली सिद्ध केली. १८४६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते. आपण एकाच वेळी अनेक क्षेत्रांत वावरत आहोत, असे त्यांना वाटले असेल का? मला तसे वाटत नाही, कारण क्षेत्रांच्या भिंतीच तेव्हा उभ्या राहिल्या नव्हत्या. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. पदव्या, परीक्षा आणि खाती आली. त्या भिंती जसजशा उंच होत गेल्या, तसतसे ‘तुम्ही कोणत्या विषयाचे?’ हे विचारणे रूढ झाले.

याच काळात बडोद्यास सयाजीराव महाराजांची कारकीर्द सुरू झाली. १८७५ साली ते गादीवर आले आणि १८८१ साली त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे आपण सर्व जाणतो. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, या राज्यात दोन्ही प्रकारच्या माणसांना जागा होती. १८९० साली प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने येथे कलाभवन निघाले. गज्जर स्वतः रसायनशास्त्राचे. रंगकाम, चित्रकला, यंत्रकाम, वास्तुकला असे हाताचे अनेक धंदे एका छताखाली शास्त्रशुद्ध शिकवावेत, हा त्या संस्थेचा हेतू. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा याच कलाभवनाची वारस आहे.

हरहुन्नरीची घटका : दादासाहेब फाळके

त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बडोद्यास आले आणि कलाभवनात शिकले. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला, छायाचित्रण असे जे जे दिसेल ते त्यांनी आत्मसात केले. गज्जरांनी त्यांना छायाचित्रणाची खोली व तिथली साधने वापरण्याची मुभा दिली होती. पुढे त्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा केला. तेथेच प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल गेले. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी. ती सोडून स्वदेशीच्या भरात लोणावळ्यास छापखाना. १९०९ साली छपाईची नवी तंत्रे पाहण्यासाठी जर्मनीचा प्रवास. परतल्यावर भागीदारांशी मतभेद आणि धंद्यातून बाहेर. मधल्या काळात जादूचे प्रयोगही झाले.

१९१० साली त्यांच्या एखाद्या आप्ताने हा हिशेब मांडला असता, तर काय निघाले असते? वय चाळीस, धंदे पाच-सहा, आणि स्थिर एकही नाही. ‘भाराभर चिंध्या’ ही म्हण त्यांच्यासाठीच जन्मली, असे तो म्हणाला असता.

१९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्या चिंध्यांचे एकदम वस्त्र झाले. चलच्चित्र करावयाचे तर काय काय लागते? भिंगाचे आणि प्रकाशाचे ज्ञान लागते. ते छायाचित्रकारापाशी होते. फिल्म धुण्याचे व छापण्याचे रसायन लागते. ते छापखानेवाल्यापाशी होते. देखावे रंगवावे लागतात, तिथे जे. जे.चा विद्यार्थी होता. दृष्टिभ्रमाची युक्ती लागते; तिथे जादूगार होता. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या आरंभी लंडनला गेले व कॅमेरा घेऊन आले. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या अंकुराची वाढ चित्रित करून दाखविली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

तथापि ही कथा येथेच थांबविली तर ती अर्धसत्य होईल. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत चित्रपट हा धंदा झाला. कॅमेरा एकाचा, ध्वनी दुसऱ्याचा, संकलन तिसऱ्याचा, हिशेब चौथ्याचा अशी वाटणी झाली. १९३१ साली बोलपट आला. ज्यांना सगळेच येत होते त्या फाळक्यांना या नव्या व्यवस्थेत जागा उरली नाही. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १९४४ साली नाशिकला ते निवर्तले, तेव्हा त्यांनी जन्माला घातलेला धंदा त्यांच्यावाचून भरभराटीत चालला होता.

यातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. कोणत्याही विद्येला किंवा धंद्याला वय असते. तो जन्माला येत असतो तेव्हा त्याला हरहुन्नरी माणूस लागतो, कारण शिकविणारा कोणी नसतो आणि सगळेच स्वतः करावे लागते. तो वयात आला की त्याला तज्ज्ञ लागतात. फाळके १९१३ मध्ये मोठे होते आणि १९३५ मध्ये लहान झाले, असे नाही. त्यांच्या गुणांचा ऋतू सरला होता.

एका ढिगाऱ्याचे उपासक : रियासतकार

दुसरे चरित्र याच्या अगदी उलट भासते. रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल गावी १८६५ साली जन्मलेले गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ च्या आरंभी सयाजीरावांच्या पदरी राहिले. काम काय, तर महाराजांना वाचून दाखविणे. पुढे राजपुत्रांना शिकविणे, प्रवासात महाराजांबरोबर राहणे, महाराज सांगतील त्या ग्रंथाचे मराठी करणे आणि राजवाड्यातील कचेरीची पडतील ती कामे करणे. मॅकियाव्हेलीचा ‘प्रिन्स’ आणि सीलीचा इंग्लंडच्या साम्राज्यविस्तारावरील ग्रंथ त्यांनी अशाच आज्ञेवरून मराठीत आणला. ही नोकरी म्हणजे तज्ज्ञाची जागा नव्हती. दिवसाचे तुकडे करून घेणारी ती चाकरी होती.

परंतु राजपुत्रांना शिकविण्यासाठी इतिहासाची टिपणे काढावी लागली. ती वाढत गेली. त्यांतून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ निघाली, आणि १९०२ पासून ‘मराठी रियासत’ खंडाखंडाने येऊ लागली. साधने पुरती गोळा झाल्याखेरीज इतिहास लिहू नये, अशी पुण्याच्या संशोधकांत एका पक्षाची ठाम भूमिका होती. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागद जमवीत होते व ते छापून काढीत होते; त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड झाले. सरदेसायांनी दुसरी वाट धरली. आज जेवढे उपलब्ध आहे तेवढ्यावर लिहावे, नवे कागद निघाले की पुन्हा लिहावे. ही वाट नम्र माणसाची आहे, कारण तीत आपले जुने लेखन आपणच मोडावे लागते.

१९२५ साली ते सेवानिवृत्त झाले तेव्हा साठीला आले होते. सामान्य माणसाचे काम येथे संपते. सरदेसायांचे सर्वांत मोठे काम येथून सुरू झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे हजारो रुमाल सरकारने त्यांच्या स्वाधीन केले, आणि १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत त्यांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. या निवडीवर पुण्यात टीकाही झाली, आणि तीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. एवढ्या ढिगाऱ्यातून निवड करणारा माणूस काहीतरी मागे ठेवणारच. पण दप्तराची दारे उघडली ती याच कामाने. सर जदुनाथ सरकारांच्या सहकार्याने पुढे पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार निघाला. मराठ्यांचा नवा इतिहास त्यांनी इंग्रजीत तीन खंडांत लिहिला तो १९४६ ते १९४८ या काळात, म्हणजे वयाच्या ऐंशीनंतर.

मला येथे विचारावेसे वाटते : राजवाड्यातील छत्तीस वर्षे वाया गेली काय? एका संस्थानाचा कारभार आतून कसा चालतो, हुकूम कसे निघतात, खर्च कसा पडतो, रुसवे-फुगवे कागदावर कसे उमटतात, हे ज्याने रोज पाहिले, त्याला पेशव्यांच्या दप्तरातील कागद परके वाटले नसतील. ग्रंथालयात बसलेल्या पंडिताला जे अनुमानाने कळते, ते त्यांना अनुभवाने कळत होते. महामहोपाध्याय काण्यांचेही असेच आहे. ‘व्यवहारमयूखा’च्या संपादनाला जोडायची प्रस्तावना वाढत वाढत १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड झाले. ते लिहिणारा माणूस उच्च न्यायालयातला वकील होता. तज्ज्ञाच्या खोलीलाही बाहेरून पाणी येत असते.

सीमेवर उभा राहिलेला विद्वान : कोसंबी

तिसऱ्या चरित्राचा बडोद्याशी संबंध आहे तो वडिलांच्या द्वारे. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून बाहेर पडले. त्यांना एकच ध्यास होता : बुद्धाचा धर्म मूळ ग्रंथांतून जाणून घ्यावयाचा. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे हिंडून त्यांनी पाली आत्मसात केली. कलकत्त्यास शिकविण्याची चांगली जागा मिळाली असता त्यांनी ती सोडली, कारण त्यांना महाराष्ट्रात काम करावयाचे होते. आणि त्यांना आधार मिळाला तो सयाजीरावांचा, दरमहा पन्नास रुपयांचा. अट एवढीच की, महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे आणि बडोदे सरकारसाठी ग्रंथलेखन करावे. पन्नास रुपयांच्या या आधाराने मराठीत पाली विद्येचा पाया घातला गेला. एकाच विषयाची निष्ठा म्हणजे काय, याचे याहून उजळ उदाहरण मला ठाऊक नाही.

त्यांचे चिरंजीव दामोदर हे मात्र सर्वस्वी वेगळ्या वाटेने गेले. १९०७ साली गोव्यात जन्मलेल्या दामोदरांचे बरेचसे शिक्षण अमेरिकेत झाले. हार्वर्डची पदवी त्यांनी १९२९ साली घेतली. ते गणिताचे प्राध्यापक. काशी, अलीगढ आणि नंतर पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी गणितच शिकविले, आणि १९४५ नंतरच्या काळात ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले.

संख्याशास्त्र हाताखालून जावे म्हणून त्यांनी एक प्रश्न घेतला : प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांचा. नाणे हातोहात फिरले की झिजते. जितके अधिक फिरेल तितके अधिक झिजेल, आणि जुन्या नाण्यांच्या वजनांत परस्पर तफावतही वाढत जाईल. मग एका ठेव्यातील नाणी काळजीपूर्वक तोलली, तर त्यांचा कालक्रम लावता येईल काय? त्यांनी तक्षशिलेच्या ठेव्यांतील नाणी तोलली. मागील बाजूस जितक्या अधिक खुणा, तितके सरासरी वजन कमी, असे दिसून आले. ज्या नाण्यांवर ना नाव ना साल, ती तराजूवर बोलू लागली.

आता पुढचा प्रश्न ओघानेच आला. ही नाणी कोणत्या राजांची? त्यासाठी ग्रंथ पाहावे लागले, ग्रंथांसाठी संस्कृत पक्के करावे लागले, आणि संस्कृत पक्के करता करता भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते तपासून १९४८ साली चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. ग्रंथ ज्या समाजाने निर्माण केले तो समाज कसा होता, या प्रश्नाने त्यांना पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर नेले. तेथे ते अश्मयुगीन हत्यारे वेचीत आणि म्हसोबा-बोल्हाईंच्या ठाण्यांवरून जुन्या वाटा शोधीत फिरले. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला आणि या देशातील इतिहासलेखनाचे वळणच बदलले. मधल्या काळात, १९४४ साली, त्यांनी जनुकांमधील अंतर काढण्याचे जे सूत्र दिले, ते आजही आनुवंशशास्त्रात त्यांच्याच नावाने वापरले जाते.

येथे ‘चिंध्या’ म्हणण्यास जागा नाही. एका प्रश्नाने दुसऱ्या प्रश्नाचे दार उघडले आणि ते त्या दारातून आत गेले. विषय त्यांनी हौसेने बदलले नाहीत. हातातल्या प्रश्नाने त्यांना तिथे नेले.

पण याची किंमत मोजावी लागली. गणितज्ञांना ते गणित सोडून गेलेले वाटत, आणि संस्कृतज्ञांना बाहेरून आलेले. गणितातील एका विख्यात अनिर्णित प्रश्नाविषयी, रीमानच्या गृहीतकाविषयी, त्यांनी संभाव्यतेच्या मार्गाने जे दावे केले ते तज्ज्ञांनी स्वीकारले नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला धक्का पोहोचला. १९६२ साली टाटा संस्थेशी असलेला त्यांचा करार पुढे चालू राहिला नाही. १९६६ साली, साठी गाठण्यापूर्वीच, ते गेले. जो माणूस दोन राज्यांच्या सीमेवर घर बांधतो, त्याला दोन्हीकडचे पहारेकरी परका समजतात. हे ठाऊक असूनच ती जागा घ्यावी.

तीन चरित्रांचा निष्कर्ष

मित्रहो, या तिघांपैकी कोणीही विसाव्या वर्षी बसून ‘मी तज्ज्ञ होणार’ किंवा ‘मी बहुव्यासंगी होणार’ असा निर्णय घेतला नव्हता. म्हणून आपण प्रश्न ज्या रूपात विचारतो, ते रूपच मला चुकीचे वाटते. एक विषय की अनेक विषय, हे आधी ठरत नाही. आधी ठरावी लागते ती एक पक्की पकड. फाळक्यांची पकड प्रतिमेच्या निर्मितीवर होती. धंदे बदलले तरी हातातले काम प्रतिमेचेच राहिले. सरदेसायांची पकड कागदावर होती. कोसंबींची पकड संख्येवर होती, आणि म्हणून नाण्यांपाशी ते नवखे म्हणून गेले नाहीत. नाणेशास्त्रज्ञांपाशी नसलेले हत्यार घेऊन गेले. अशी एक पकड ज्याच्यापाशी नाही, त्याचे दहा विषय दहा ठिकाणी सैल राहतात. आणि ती असेल, तर पुढचा विस्तार प्रश्नाने ठरवावा. पदाने किंवा पगाराने ठरवू नये.

दुसरे असे की, आपण ज्या धंद्यात पाऊल टाकतो त्याचे वय ओळखावे. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या धंद्याला वयात यायला पिढी लागे. आज एकाच माणसाच्या नोकरीच्या काळात धंदे जन्मतात, वयात येतात आणि सरतात. आपल्यापैकी पन्नाशीत असलेल्या कित्येकांनी हे स्वतःच्या कचेरीत पाहिले आहे. अशा काळात केवळ तज्ज्ञ असणे धोक्याचे, आणि कशाचेच तज्ज्ञ नसणे त्याहून धोक्याचे.

तिसरी गोष्ट मी विशेषतः माजी विद्यार्थ्यांना उद्देशून सांगतो. व्यासंगाला लागणारा वेळ कोणीतरी पुरवावा लागतो. कलाभवनाची खोली गज्जरांनी उघडून दिली; दरमहा पन्नास रुपये एका राज्याने दिले. पण बरीचशी किंमत घरातल्यांनी दिली, आणि चरित्रे त्याविषयी थोडक्यात बोलतात. धर्मानंद बाहेर पडले तेव्हा पत्नी बाळाबाई आणि लहान मुलगी मागे राहिली. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाची फिल्म सरस्वतीबाईंनी रात्र-रात्र जागून छिद्रे पाडून तयार केली आणि धुतली. वर चित्रपटाच्या माणसांचे जेवणही त्याच रांधीत. हरहुन्नरी हा शब्द वापरायचा, तर तो त्यांनाही लावला पाहिजे.

आज सयाजीराव नाहीत आणि संस्थानेही नाहीत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाखांच्या भिंती ढिल्या करण्याची भाषा केली आहे; पण कागदावर भिंत पडली म्हणून विद्यार्थ्याला पलीकडे जाता येतेच असे नाही. त्यासाठी ग्रंथालय उशिरापर्यंत उघडे लागते, प्रयोगशाळेची किल्ली विश्वासाने हाती द्यावी लागते, आणि एक वर्ष वाया गेले तरी चालेल असे म्हणणारा कोणीतरी वडीलधारा लागतो. ज्या मुलांच्या घरी असा वडीलधारा नाही, त्यांना तो शाळेने आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी द्यावा. मराठी शाळांचे वर्ग ओस पडत असताना हे सांगणे काहींना भाबडे वाटेल. पण शाळा लहान झाली म्हणून तिचे कर्तव्य लहान होत नाही. उलट प्रत्येक मुलाकडे लक्ष देणे तिला अधिक सोपे जाते.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे इतकेच आहे. शाखा निवडा, ती निवडावीच लागते. तीत एक गोष्ट अशी शिका की, झोपेतून उठवून विचारले तरी चुकणार नाही. मग त्या गोष्टीतून एखादा प्रश्न निघाला आणि तो तुम्हांला शेजारच्या वर्गात बोलावू लागला, तर ‘तो माझा विषय नाही’ असे म्हणून पाठ फिरवू नका.